पिस्टनमधली उदबत्ती

आधीच सांगून टाकतो. हे मी कुठे वाचलेलं नाही आणि रचलेलंही नाही.

ज्या घरात हे घडलं त्या घरात मी लहानपणापासून जेवलोय. तृप्ती माझी सख्खी मावसबहीण. तिचं गॅरेज नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीला लागून. गोष्ट गेल्या वर्षीच्या मार्चमधली. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता आणि दुपारी बाहेर पाय ठेववत नव्हता.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते, पाऊस लागतो, वीज गेलेली लागते. इथे यातलं काहीच नाही. सगळं दिवसाढवळ्या झालं. मुख्य प्रकार तर मैदानभर माणसांसमोर झाला, आणि त्यातल्या एकालाही काही दिसलं नाही.

मी स्वतः असल्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस होतो. आता करत नाही.

तृप्तीचे वडील टू-स्ट्रोक गाड्यांचे मेकॅनिक होते. ते गेले, पाठोपाठ मावशीही गेली, आणि तृप्तीच्या पदरात दोन गोष्टी पडल्या. एक गॅरेज आणि दुसरा अश्विन. अश्विन तिच्याहून बराच लहान. त्याला तिनेच वाढवलं, तिनेच शिकवलं, आणि तो मातीतल्या रेसिंगच्या नादाला लागला तेव्हा कपाळावर हातही तिनेच मारून घेतला. पण अडवलं नाही. नाशिकच्या पोरांना हे वेड जुनं आहे, आणि तिच्या स्वतःच्या रक्तातही पेट्रोल होतंच.

तिची अट एकच होती.

"अश्या, मी माझ्या हाताने उघडलेली नसेल त्या गाडीवर तू बसायचं नाहीस."

तिला जगात तेवढा एकच उरला होता. तो गेला असता तर तिच्या हाताने पाना उचलला गेला नसता. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

अश्विनला त्या वर्षी व्हिंटेज क्लासमध्ये उतरायचं होतं. म्हणजे जुन्या गाड्यांची शर्यत. दिवाळी उलटल्यावर त्याला कुठूनसा पत्ता लागला. दिंडोरीच्या पुढे एका मळ्यात ऐंशीच्या दशकातली परदेशी मोटोक्रॉस गाडी पडून होती. दोघं टेम्पो घेऊन गेली.

मळ्यात छाटणी होऊन नवी फूट आली होती. ट्रॅक्टरवरून फवारणी चालू होती. घरामागच्या शेडमध्ये, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटच्या मागे, पोत्यांखाली ती उभी होती. पिवळी टाकी. उंच मडगार्ड. टायर पार विरलेले.

मालकीण चंद्रभागाबाई. सत्तरीच्या, ताठ, फार न बोलणाऱ्या.

"माझ्या सुनीलची हाय," त्या म्हणाल्या. "रेसमधी गेला तो. लय वर्सं झाली."

अश्विन गडबडला. तृप्तीने विचारलं, "आजी, मग विकताय ती मनापासून ना?"

"गाडीला काय बोल लावू मी? न्या. चालवा. नुस्ती उभी हाय."

दुसरी कुणी असती तर तिथूनच मागे फिरली असती. पण रेसवाल्यांचं गणित निराळं असतं. जुन्या गाडीवर कुणी ना कुणी पडलेलं असतंच, असं ते धरूनच चालतात. गॅरेजच्या दारात अश्विनने चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडी पुढे ढकलली, लिंबू फुटलं आणि विषय संपला.

इंजिन जाम होतं. किक खालीच जाईना. तृप्तीने इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढलं तर पिस्टन सिलिंडरला चिकटून बसलेला. तिने वरून डिझेल ओतलं, मुरू दिलं, मग लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू ठोकत त्याला बाहेर काढलं.

एका बाजूला उभे ओरखडे होते. धातू वितळून फरपटला होता.

तिला बघताक्षणी कळलं. धावत्या गाडीचं इंजिन चिकटलं होतं. टू-स्ट्रोक इंजिन असं चिकटलं की मागचं चाक जागच्या जागी गच्च थांबतं आणि माणूस फेकला जातो. म्हणून हे लोक डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात. इंजिनचा आवाज आवळला की क्लच दाबायचा. चाक मोकळं होतं, माणूस वाचतो.

सुनीलने दाबला नव्हता. किंवा दाबायला उशीर झाला होता.

तृप्तीला वाईट वाटलं. पण काम काम असतं. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून घासून, आणला, नवा पिस्टन बाहेरून मागवला. आणि जुना?

गॅरेजची रीत अशी, की काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यायचा. इथे मालक तीच होती. तिच्या वडिलांनी देवाच्या फळीवर उदबत्ती लावायला एका स्कूटरचा जुना पिस्टन ठेवला होता. तो दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेला होता. मग तिने हा घासूनपुसून घेतला, फळीवर उलटा ठेवला, पोकळीत वाळू भरली आणि त्यात उदबत्ती खोचली. समोर दत्ताची तसबीर.

रोज सकाळी शटर वर करायचं, झाडू मारायचा, उदबत्ती लावायची आणि हात जोडून एकच वाक्य म्हणायचं.

"अश्विनला सांभाळ."

तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं. मेकॅनिकच्या घरात जुना पिस्टन म्हणजे शोभेची वस्तू. कुणी त्यात पेनं ठेवतं, कुणी सिगारेटची राख झाडतं.

पहिल्यांदा गाडी चालू झाली ती एका दुपारी. दोन किकमध्ये पेटली. धूर निघाला, अश्विन आनंदाने नाचला.

तृप्तीच्या नाकात मात्र वेगळाच वास गेला...

जळक्या एरंडेलाचा.

पूर्वी रेसवाले पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळायचे. तो वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. तिच्या वडिलांच्या कपड्यांना यायचा. पण तिने टाकीत साधं आजकालचं सिंथेटिक ऑइल घातलं होतं. स्वतःच्या हाताने मापून.

"टाकीत जुनं काहीतरी राहिलं असेल," अश्विन म्हणाला.

टाकी तिने तीन वेळा धुतली होती.

मग ट्यूनिंग सुरू झालं. कार्ब्युरेटरचा पेट्रोल मापून सोडणारा जेट बदलायचा, गाडी पळवायची, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. चहासारखा तांबूस आला की जमलं. असे बरेच दिवस गेले. एकदा भर दुपारी ती एकटीच होती. अश्विन जेवायला गेला होता. कॉम्प्रेसर बंद. शेजारच्या लेथवाल्याचीही सुट्टी. प्लग काढून तिने टेबलावर ठेवला होता आणि ती गाडीकडे पाठमोरी बसून जेट साफ करत होती.

मागून आवाज आला...

फुस्स.

थोडा वेळ शांतता.

फुस्स.

प्लग काढलेल्या इंजिनला किक मारली की भोकातून हवा असाच आवाज करत बाहेर येते. तिने तो आवाज आयुष्यभर ऐकलाय. ती वळली.

गाडी स्टँडवर उभी. किकचा दांडा वर. कुणी नाही.

फुस्स...

आता तो आवाज किकचा वाटेना. तो फारच सावकाश होता. झोपलेलं माणूस श्वास घेतं तितका सावकाश.

आणि मग तिचं लक्ष हँडलकडे गेलं. क्लचचा लिव्हर आत दाबलेला होता. पार मुठीला टेकलेला. कुणीतरी धरून ठेवावा तसा.

तिने जाऊन तो सोडवायचा प्रयत्न केला. निघेना. केबल अडकली असेल म्हणून खाली बघितलं, तर केबल ताणलेली, पण कुठेच अडकलेली नाही. पुन्हा लिव्हरला हात लावला, आणि तेव्हा तिला हाताखाली ऊब जाणवली.

लिव्हर हळूच सुटला.

तृप्ती घाबरट नाही. भावाला भरवत, गिऱ्हाइकांशी भांडत तिने गॅरेज उभं ठेवलंय. पण त्या दुपारी ती रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि अश्विन परत येईपर्यंत आत गेली नाही. हे तिने मला नंतर स्वतः सांगितलं.

अश्विनला सांगितल्यावर तो हसला.

"ताई, तू इंजिन बघ. भूत मी बघतो."

पण सरावात त्याचंही काहीतरी बदलत चाललं होतं. तो गाडीवर फार पुढे सरकून बसू लागला. तशी त्याची सवय नव्हती. वळणावर कधी न घेतलेल्या वाटेने जायचा आणि आधीपेक्षा लवकर बाहेर पडायचा. लोक वाहवा करायचे.

"मी नाही गं वळत," एकदा तो घाम पुसत म्हणाला. "मला फक्त बसावं लागतं."

त्याने ग्लोव्ह काढला. डाव्या हाताच्या बोटांवर लाल वळ होते. आडवे. वरून कुणी मूठ आवळल्यासारखे.

रेसच्या आदल्या दिवशी तृप्ती न सांगता स्कूटर काढून दिंडोरीला गेली. तोड चालू होती. बायका घड क्रेटमध्ये भरत होत्या. चंद्रभागाबाई सावलीला बसून होत्या. तृप्तीने सगळं सांगितलं. वास, श्वास, लिव्हर, वळ.

म्हातारीने मांडीवरचा घड बाजूला ठेवला.

"एरंडेल घालायचा तो," ती म्हणाली. "घरभर वास यायचा. मी वरडायची."

"तो गेला कसा, आजी?"

"उडीवर इंजन धरलं म्हन्ले. क्लच दाबला असता तर वाचला असता, आसं ज्यो आला त्यो सांगून गेला. बोटं क्लचवर व्हती त्याची. दाबायची राह्यली."



"इथं होती तेव्हा कधी काही...?"

"इथं? कायबी नाय. हूं नाय का चूं नाय. गाडी उभी व्हती, मी व्हते, बस." म्हातारीने तिच्याकडे रोखून बघितलं. "आमी त्याला कधी काय दिलं नाय. बोलावलं बी नाय. तुमी काय देता त्याला?"

"काही नाही हो."

"काईतरी देत आसनार, बाई. उगीच नाय कोन उठून येत."

परत आल्यावर तिने अश्विनला हात जोडले. उद्या उतरू नकोस म्हणाली. मोठं भांडण झालं. सगळा सीझन या गाडीसाठी घालवला होता, तो कशाला ऐकतोय. सकाळी ती उठायच्या आत तो मित्रांबरोबर गाडी टेम्पोत घालून निघूनही गेला.

ती गॅरेजवर गेली ती निव्वळ सवयीने. शटर वर केलं. झाडू मारला. फळीपाशी उभी राहिली. उदबत्ती पेटवली. खोचायला हात पुढे केला...

आणि हात तिथेच थांबला.

वाळूत राख नव्हती.

इतके महिने रोज उदबत्ती जळत होती. काड्या उरत होत्या. राख मात्र कधीच पडली नव्हती. वाळूत नाही, फळीवर नाही, खाली नाही. तिच्या ते लक्षात आलं होतं, पण वारा नेत असेल म्हणून तिने सोडून दिलं होतं.

ती ओरखडे पडलेल्या त्या पिस्टनकडे बघत राहिली. ज्याच्यामुळे सुनील मेला तो हाच. तसबिरीतल्या देवाच्या आणि तिच्या मध्ये रोज हाच असायचा. सुवास पहिला ह्यालाच मिळायचा. हात जोडलेले पहिले ह्यालाच दिसायचे.

रोज सकाळी ती कुणाला सांगत होती, अश्विनला सांभाळ म्हणून?

तिने पिस्टन उचलला, ॲप्रनच्या खिशात टाकला आणि स्कूटरला किक मारली. फोन लावत राहिली. कुणी उचलेना. हेल्मेट घातल्यावर कोण फोन उचलतं?

ट्रॅक म्हसरूळच्या पुढे पेठ रोडच्या बाजूला, पडीक जमिनीवर बनवला होता. ती पोचली तेव्हा व्हिंटेज क्लास सुटला होता. धूळ. माणसं. लाउडस्पीकर. अश्विन दुसरा होता आणि पहिल्याच्या मागे लागला होता. ती गर्दीतून घुसत सगळ्यात मोठ्या उडीपाशी कठड्याला जाऊन चिकटली.

इंजिनचा आवाज तिच्या कानांत शिरला. सुरेख होता. तिने स्वतः जमवलेला. कुठे आवळत नव्हता, कुठे तुटत नव्हता. या इंजिनला काहीही होणार नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच तिला सगळं लख्ख कळलं.

सुनील अश्विनला मारणार नव्हता. तो सांभाळणार होता. त्याला येत होतं तेवढंच करणार होता. त्याच्या हातून जे राहिलं, ते तो आता करणार होता. उडीवर. क्लच दाबणार होता.

इंजिन चिकटलं तर क्लच दाबून माणूस वाचतो. पण चांगल्या चालत्या गाडीचा क्लच उडीच्या चढावर दाबला गेला, तर चाकाचा जोर जातो, गाडीचं नाक खाली जातं आणि माणूस डोक्यावर पडतो.

अश्विन चढावर आला.

इंजिन एकदम किंचाळलं... रिकामं. क्लच दाबला गेला होता.

गाडी हवेत गेली. पुढचं चाक खाली झुकलं. तृप्तीला त्याचा डावा हात स्पष्ट दिसला. मूठ आवळलेली. आणि त्याचं डोकं त्या मुठीकडे वळलेलं. तो ती उघडायला बघत होता. उघडत नव्हती.

तिला देव आठवला नाही. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच.

"सुनील, सोड त्याला."

ती ओरडलीही नाही. तेवढा दम नव्हता. तेवढ्या गोंगाटात ते शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल.

मूठ उघडली.

चाकाला जोर मिळाला, अश्विनने होता नव्हता तेवढा ॲक्सिलरेटर पिळला आणि खाली गेलेलं नाक हवेतच वर आलं. गाडी मागच्या चाकावर आदळली, आडवी झाली, अश्विन घसरत गेला. खांद्याजवळचं, गळ्याचं हाड मोडलं. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब काढलंस.

तृप्ती त्याच्याजवळ पोचली तेव्हा तो शुद्धीवर होता. डोळे विस्फारलेले.

"ताई, मी नव्हता दाबला," तो एवढंच म्हणत होता. "मी नव्हता दाबला."

त्याच्या अंगाला, केसांना, तोंडालासुद्धा एरंडेलाचा वास येत होता.

इंजिन तिने नंतर उघडलं. नवा पिस्टन लखलखीत. एक ओरखडा नाही.

जुना पिस्टन तिने रामकुंडावर नेला. लोक अस्थी सोडत होते तिथेच, गुरुजींकडून सुनीलच्या नावाने चार मंत्र म्हणवून, तोही सोडला. चंद्रभागाबाई सोबत आल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. गाडीचे तृप्तीने कटरने तुकडे केले, एकही पार्ट कुणाला विकला नाही. फळीवर आता पितळेचं उदबत्तीचं घर आहे. त्यात राख पडते.

अश्विन रेसिंगचं नाव काढत नाही. सातपूरला नोकरी करतो. म्हणजे सगळं निस्तरलं, असं मी लोकांना सांगत होतो.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो.

दुपारची वेळ. आम्ही तिघंच. अश्विन ऑफिसातली काहीतरी गंमत सांगत होता. उजव्या हाताने जेवत होता, डाव्या हातात पाण्याचा काचेचा ग्लास होता. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी जुनी टू-स्ट्रोक गाडी रेस करत गेलं.

अश्विन बोलतच होता...

त्याची डावी मूठ मात्र आवळत चालली होती. सावकाश. बोटं पांढरी पडली. मी काही म्हणायच्या आत ग्लास फुटला. पाणी सांडलं, त्यात रक्त मिसळलं. मूठ थांबली नाही. काचांवर आवळतच राहिली. आणि अश्विन हसत हसत मला गंमत सांगत होता. त्याला यातलं काहीच कळत नव्हतं.



तृप्तीने ताटावरून मानही वर केली नाही. लहान मुलाच्या हातातली वस्तू काढून घेताना जसं बोलतात, तशा आवाजात ती म्हणाली,

"सुनील, सोड."

बोटं उघडली. एकेक करून.

तिने फडकं आणून अश्विनचा हात बांधला, फरशीवरच्या काचा गोळा केल्या, आणि मला विचारलं, भात वाढू का.